पडद्याआडचा ताप

बाळंतपण हा काही आजार नव्हे, असे आमच्याकडच्या सगळ्या पुरुषांचे मत आहे. त्यांच्यापैकी एकालाही तो झालेला नसल्यामुळे ते मत अजून शाबूत आहे. माझे पहिले बाळंतपण मात्र आजार झाले. त्यातून मी उठले, मुलगी जगली, आणि आत्ता ती हे लिहिलेले कागद ओढून तोंडात घालू पाहते आहे. ज्या बायकांवर सरकारी दवाखान्यात जायची वेळ येईल त्यांनी तिथे काय मागावे, कुणाकडे मागावे आणि काय मुकाट्याने सोसू नये, एवढे तरी यातून कळावे म्हणून लिहायला बसले.

दवाखान्याच्या गावाचे नाव लिहीत नाही. बीड जिल्ह्यातले, निजामसरकारच्या अमलातले एक तालुक्याचे गाव, एवढे पुरे. नाव लिहिले तर त्या गावचे लोक रागावतील आणि बाकीच्या गावांतले लोक म्हणतील, आपल्याकडे असे नाही. दोन्ही मला नको आहे.

जावे की न जावे

आमचे हे सरकारी शाळेत मास्तर. घरात सासूबाई. नणंदबाई गोदूवन्सं दिंद्रुडला दिलेल्या, त्या सणावाराला माहेरी यायच्या. माझे माहेर औरंगाबादचे. वडील वकिलाकडे कारकून होते. त्यांनी मला मराठीबरोबर उर्दूही वाचायला शिकवली. मुलीला उर्दू कशाला, असे लोक विचारत. वडील म्हणत, सरकार ज्या भाषेत रागावते ती आपल्याला कळलेली बरी.

घरी कळा सुरू झाल्या तेव्हा सुईण होती, गरम पाणी होते, देवापुढे दिवा होता. दिवस गेला, रात्र गेली, मूल काही येईना. सकाळी सुईणीने पोटावरून हात फिरवला आणि उठून उभी राहिली.

"बाळ आडवं हाय. माझ्या हातचं न्हाई हे. दवाखान्यात न्या."

सासूबाई म्हणाल्या, "आपल्या घरातली बाई दवाखान्यात? तिथं परका पुरुष असतो."

"आई, पुरुष असू द्या न्हाईतर वाघ असू द्या. हिला उचला."

तरी सासूबाईंची खात्री पटेना. तेव्हा हे धावत दवाखान्यात जाऊन विचारून आले. तिथे बायकांची खोली वेगळी आहे, दाराला जाड पडदा आहे, आणि डॉक्टरसाहेब त्या पडद्याच्या आत कधीही पाऊल टाकत नाहीत, असे कळले. सासूबाईंचे समाधान झाले. मला बैलांच्या दमणीत घातले. आता मागे वळून पाहते तेव्हा वाटते, डॉक्टर जिथे येत नाही याची नीट चौकशी करून आम्ही दवाखान्यात गेलो.

तिथल्या दाईचे नाव हुसेनबी. साऱ्या जनान्याला ती एकटी. तिने मला पाहिले, बाह्या मागे सारल्या आणि म्हणाली, "रो नक्को बाई. अब्बी हुता." लगेच काही झाले नाही, पण झाले. तिने पोटावरून आणि आतून दाबून-फिरवून मूल सरळ केले. त्या वेळी मी ज्या भाषेत ओरडले ती मला वडिलांनी शिकवलेली नव्हती. मुलगी झाली. आम्ही दोघी जिवंत राहिलो ते हुसेनबीच्या हातांमुळे, हे मी आधी लिहून ठेवते. पुढे तिच्याविषयी जे लिहिणार आहे ते वाचताना हे विसरू नये. ते हात तिने आधी धुतले होते की नाही, हे पाहण्यासारख्या अवस्थेत मी नव्हते.

पडदा

त्या दवाखान्यातली सर्वांत भारी वस्तू म्हणजे जनान्याच्या दाराचा पडदा. निळा, जाड, वजनदार. व्हरांड्यातून पाहिले तर स्वच्छ. आतल्या बाजूला मात्र बायका हात पुसत, तेलाचे डाग, मुलांच्या शेंबडाचे डाग, आणखी कशाकशाचे डाग. धोबी तो नेत असे की नाही कोण जाणे. बाहेरून पाहणाऱ्याला न्यायची गरज वाटली नसती.

पुरुषांच्या खोलीला चुना लावलेला, खिडक्या उघड्या, दारात फुलझाडांच्या कुंड्या. आमच्या खोलीला एकच खिडकी, तीही बाहेरून कुणी डोकावू नये म्हणून खिळे मारून बंद केलेली. आमच्या अब्रूची इतकी काळजी घेतली होती की हवेलाही आत यायची परवानगी नव्हती.

डॉक्टरसाहेब हैदराबादचे. तरुण होते, मोठ्या अदबीचे. मराठी कळायची, बोलायला गेले की उर्दूत जायचे. सकाळी ते पडद्यापाशी येऊन उभे राहात, खोकत, आणि विचारत, "सब खैरियत?"

आतून हुसेनबी म्हणे, "हौ साब, खैरियत."

मग पडद्याच्या कडेतून थर्मामीटर आत येई. हुसेनबी तो एकीच्या काखेत, मग दुसरीच्या काखेत लावी, प्रत्येक वेळी बाहेर देई, ते उजेडात धरून पाहात, आणि "ठीक है" म्हणत. औषधाची बाटली आत येई. झाली तपासणी. मी तोवर त्यांचा चेहरा पाहिलेला नव्हता. चांभारी कामाचे उत्तम बूट तेवढे पडद्याखालून दिसत.

माझ्या शेजारच्या खाटेवर चौसाळ्याची एक सून होती, नुकतीच बाळंत झालेली, अंगाने दणकट, बोलायला लाजरी. तिची लाज भरून काढायला तिची सासू सोबत होती, रखमाबाई. शेतकरीण, उंच, आवाज असा की शेतातल्या माणसाला बांधावरून हाक मारायची सवय अजून गेली नव्हती.

माझ्या सासूबाई व्हरांड्यात बसत. माझे बाळंतपणाचे सुएर, म्हणून दहा दिवस त्या मला शिवणार नव्हत्या. जेवण आणून उंबऱ्याशी ठेवायच्या. आणि दवाखान्याची झाडूवाली माझ्या खाटेपाशी येत नसे, कारण बामणीण विटाळ मानील आणि आरडाओरडा होईल, असे तिला वाटे. दोघींनी माझा मान राखला आणि माझी चादर तशीच राहिली.

रखमाबाईने दोन दिवस पाहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ए बाई, ही चादर बदलत कावून न्हाईत?"

"कुणाला सांगू?"

"मला सांग की. मी काय भिंत हाय?"

"अहो, पण माझं सुएर आहे."

"मग? माज्या सुनंचं काय हाय, दिवाळी हाय? एका सुएरात दोघी बसतेत. ऊठ, त्या अंगाला हो."

तिने चादर ओढून काढली, नाक मुरडले, आणि स्वतःचे धुतलेले लुगडे घडी करून माझ्या अंगाखाली घातले. व्हरांड्यातून सासूबाईंनी हे ऐकले असणारच. पण तोवर जे व्हायचे ते आत शिरले होते.

ताप

आधी थंडी वाजली. चैत्रातल्या दुपारी दातावर दात आपटू लागले. मग अंग भाजल्यासारखे तापले. ओटीपोटात कुणी निखारा ठेवल्यासारखे दुखे. अंगावरून जाणाऱ्या स्रावाला असा वास येऊ लागला की मीच तोंड फिरवी. दूध आटले. मुलगी रडून रडून निळी पडायची.

रखमाबाईच्या सुनेने न विचारता तिला उचलले आणि पदराखाली घेतले. मुलगी गप्प झाली. ती शांतता मी जन्मात विसरणार नाही.

बाहेरून सासूबाईंनी विचारले, "दूध कुणी पाजलं?"

रखमाबाई म्हणाली, "म्हशीनं न्हाई पाजलं, आई. माणसानंच पाजलं."

दुसऱ्या दिवशी उंबऱ्याशी डिंकाच्या लाडवांचा डबा आला, त्यात माझ्यापुरते लाडू वेगळे आणि बाकीचे, सासूबाईंच्या शब्दांत, "त्या पाजणारीला". 

मला मरणाची भीती वाटत होती हे लपवून काय करायचे. आमच्या गल्लीत बाळंतरोगाने गेलेल्या बायका मला नावानिशी आठवत होत्या. त्यांच्या मागे आणलेल्या दुसऱ्या बायकाही आठवत होत्या. माझ्या मुलीला त्या वेळी नावही ठेवलेले नव्हते, आणि कुणीतरी दुसरीच बाई ते ठेवील, आणि ते मला आवडणार नाही, असे सारखे मनात येई. तापात माणूस मोठमोठे विचार करतो असे मी वाचले होते. मी एवढाच करत होते.

आणि डॉक्टर रोज बाहेरून म्हणत होते, "ठीक है. बुखार नहीं."

मला वाटू लागले, माझेच चुकत असेल. हा भ्रम असेल. डॉक्टर शिकलेला माणूस, त्याच्या हातात यंत्र. मग एका सकाळी थोडी शुद्ध होती तेव्हा मी हुसेनबीकडे नीट पाहिले. तिने माझ्या काखेतून थर्मामीटर काढला. पदराने पुसला. मग हात वर करून दोन-तीनदा जोरात झटकला, आणि मोठ्या अदबीने पडद्याबाहेर दिला.

औरंगाबादला आमच्या शेजारी थर्मामीटर होता. तो झटकला की पारा खाली उतरतो, हे मी लहानपणी खेळ म्हणून पाहिले होते.

मी सगळा जोर करून ओरडले, "डॉक्टरसाहेब! ती झटकून देते आहे!"

खोलीतल्या साऱ्या बायका थिजल्या. पडद्याआडून आजवर हुसेनबीखेरीज कुणाचा आवाज बाहेर गेलेला नव्हता. बूट जागच्या जागी हलले.

"कौन बोला?"

"पेशंट बोलते. थर्मामीटर बाहेर यायच्या आधी झटकला जातो. पुन्हा लावायला सांगा, आणि न झटकता घ्या."

पुन्हा लावला गेला. हुसेनबीने तो काच फुटेल अशा भीतीने दोन बोटांत धरून बाहेर दिला. मग डॉक्टरांचा आवाज आला, तो आधीचा अदबीचा नव्हता.

"हुसेनबी, हे रोज असंच करतेस?"

"आपच बोले ना साब, झटकना."

"लावायच्या आधी बोला था!"

"तो मैं आधी भी झटकती, बाद में भी झटकती. साफ करके देना ना साब को."

तिचे खरे होते. त्या खोलीत ती इतकी वर्षे होती आणि एकाही बाळंतिणीला कधी ताप आलेला नव्हता. निदान पडद्याबाहेर नव्हता. कितीजणी ताप नसताना गेल्या, ते विचारायचे धाडस मला झाले नाही.

मग डॉक्टर ह्यांना व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेले. पडद्याने नजर अडते, आवाज अडत नाही. मी ऐकले. बाळंतज्वर आहे, उशीर झाला आहे, चूक माझ्याकडची आहे, मी शिकस्त करतो, तुम्ही दुआ करा. हे "बरं, साहेब" एवढेच म्हणाले. त्यांच्या आवाजावरून मला कळले की त्यांना बसायला काहीतरी हवे आहे.

डॉक्टरांनी "चूक माझ्याकडची" म्हटले. मोठ्या हुद्द्याच्या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी त्यानंतर ऐकलेले नाही. म्हणून त्यांची मी आयुष्यभर ऋणी राहीन.

त्यानंतर उपचार झाले ते असे. डॉक्टर पडद्याबाहेर उभे, हुसेनबी आत, मध्ये मी. "पाणी उकळलंस? हात धुतलेस? साबणानं? पुन्हा धू. आता लाल दवेचं पाणी कर. आता सावकाश." सुईत दोरा ओवायचा आहे, पण दुसऱ्याच्या हातांनी, असा तो प्रकार होता. खिडकीचे खिळे त्यांनी काढायला लावले आणि बाहेरून आडोशाला बांबूची तट्टी उभी करायला सांगितली. वारा आला. रखमाबाई म्हणाली, "बया, हतं भायेर झाड हाय की!" इतके दिवस आमच्यापैकी कुणाला ते माहीत नव्हते.

ताप एकदम उतरला नाही. चढला, उतरला, पुन्हा चढला. पण एका सकाळी मला भूक लागली आणि मी रखमाबाईची भाकरी मागून खाल्ली. ज्वारीची, कडेला करपलेली, वर ठेचा. बाळंतिणीला ठेचा! तिने एवढासा दिला आणि म्हणाली, "कुणाला सांगू नगंस, डागदर मलाबी झटकून काढील."

दाद कुठे मागावी

मी उठून बसू लागले त्या सुमारास गोदूवन्सं मला पाहायला आल्या. त्यांना दिवस गेलेले होते. पहिलटकरीण, म्हणजे बाळंतपणाला माहेरीच येणार. त्यांनी पडदा उचलून आत पाऊल टाकले, खोलीभर पाहिले, आणि हळूच विचारले, "वहिनी, मलापण इथंच आणतील का गं?"

तोवर मी देवाचे आभार मानण्यात गुंतले होते. त्या प्रश्नानंतर आभार तसेच राहिले, पण त्यांच्यासोबत राग आला. माझा जीव वाचला होता; पण ही पोर यायच्या आत ही खोली बदलायला हवी होती.

आमच्या घरातली खलबते पडद्याच्या दोन बाजूंनी झाली. मी आत, हे बाहेर.

"दरखास्त द्या," मी म्हटले.

"देता येईल," हे म्हणाले. "उर्दूत द्यावी लागेल. वर जाईल. वरून ती कैफियतीसाठी खाली येईल."

"खाली कुणाकडे?"

"डॉक्टरांकडे. तक्रार त्यांच्या दवाखान्याची, तर खुलासा तेच देणार. ते विचारणार हुसेनबीला. हुसेनबी म्हणणार, खैरियत."

"मग पुण्याच्या वर्तमानपत्राला लिहा."

"लिहितो. आणि मग दुसऱ्या दिवसापासून आपण दोघं पुण्यात राहू, कारण इथं मला नोकरी नसेल."

सासूबाई मधेच म्हणाल्या, "झालं गेलं. जीव वाचला, देवाला नारळ फोडू. कशाला वाच्यता?"

रखमाबाईला राहवले नाही. "आई, नारळ फोडा, पण पाणी बी उकळाया सांगा. देव काय चूल पेटवाया येतोय का?"

हे थोड्या वेळाने म्हणाले, "पुढच्या आठवड्यात जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांचा मुआयना आहे. दवाखाना पाहायला येणार आहेत." आणि घाईघाईने पुढे म्हणाले, "मी नुसती बातमी सांगितली."

मुआयना

मोठे साहेब येणार म्हटल्यावर दवाखान्याची जी तारांबळ उडते ती पाहण्यासारखी असते, आणि मला नुसती ऐकायला मिळाली. पायवाटेच्या दगडांना चुना. पुरुष रोग्यांना नव्या चादरी, ज्याला खोकला जास्त त्याला मागच्या खोलीत. कुंड्यांत नवी झाडे, मुळे नसलेली, एका दिवसापुरती. आमच्या खोलीत मात्र कुणी केरसुणीही फिरवली नाही. आमचा पडदा तेवढा बाहेरच्या बाजूने झटकला.

याचे कारण मला त्या दिवशी उमगले. मुआयना करणारा साहेब जनान्याच्या पडद्यापाशी आला की अदबीने पाठ फिरवतो, आणि पाठमोराच विचारतो, "कोई तकलीफ?" डॉक्टर सांगतात, "जी नहीं, हुजूर." साहेब पुढे जातो. ही चाल कधीपासूनची ते ठाऊक नाही. पण तो दवाखाना बांधल्यापासून कुठल्याही अंमलदाराने ती खोली आतून पाहिलेली नव्हती. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. सगळे आमचा आदर करत होते. त्या आदराने आम्ही मरत होतो.

बुटांचे पुष्कळ आवाज आले. थांबले. "कोई तकलीफ?"

डॉक्टरांनी उत्तर द्यायला वेळ लावला. त्यांनी मुद्दाम लावला, असे मी अजून मानते.

मी उर्दूत म्हटले, "हुजूर, तकलीफ आहे. ही खोली आतून पाहावी."

कुणीतरी "शू!" केले. पडद्याबाहेर श्वास सोडल्याचा आवाज आला तो बहुधा ह्यांचा.

साहेब म्हणाले, "बीबी, जनान्यात आम्ही कसे येणार?"

"हुजूर येऊ शकत नसतील, तर ज्या येऊ शकतात त्यांना पाठवावे. हुजुरांच्या घरीही जनाना आहे."

आता बाहेर कुंडीतले झाडही हलले नसेल. मग साहेब म्हणाले, "माकूल बात है," म्हणजे म्हणणे रास्त आहे, आणि बूट पुढे गेले.

ह्यांनी संध्याकाळी मला एवढेच सांगितले, "तुझ्या वडिलांनी तुला उर्दू शिकवायला नको होती." पण हसत होते.

बेगमसाहेबा

त्या आल्या. पडदे लावलेली मोटार, मोटारीपासून दारापर्यंत दोन्हीकडून धरलेल्या कनाती, मागे पानदान घेतलेली बाई, तिच्यामागे पंखा घेतलेली बाई. पडद्याच्या कडेतून ही मिरवणूक पाहून मी मनात म्हटले, झाले, आता अत्तराचा वास घेऊन जातील. डॉक्टरांच्या माणसांनी या खेपेला जमीनही धुतली होती आणि खाटांवर पांढऱ्या चादरी घातल्या होत्या.

बेगमसाहेबा मध्यम वयाच्या, बुटक्या, दमलेल्या. त्यांनी खोलीभर पाहिले आणि "अच्छा है" म्हणाल्या. रखमाबाईला उर्दू येत नव्हती, पण अच्छा म्हणजे काय हे कळले. ती उठली, सुनेला खाली उतरवले, आणि एका हाताने चादर, दुसऱ्या हाताने गादी उलटी केली.

"हे बगा. आनी मंग म्हना अच्छा."

पंखेवाली मागे सरली. बेगमसाहेबा सरल्या नाहीत. त्या वाकल्या, नीट पाहिले, मग माझ्या खाटेवर येऊन बसल्या. मी उठू लागले तर माझा हात धरला.

"पानी कहाँ गरम होता है?" त्यांनी विचारले.

हुसेनबी म्हणाली, "मर्दाने में, बेगमसाब. बचा तो लाती."

बेगमसाहेबा माझ्या मुलीकडे पाहात, फक्त मला ऐकू येईल असे म्हणाल्या, "हमारे भी गए हैं."

थाटामाटाविषयी मला जे वाटत आले आहे ते अजूनही वाटते. पण त्या दिवसापासून कनाती दिसल्या की त्यांच्या आत कोण असेल याचाही मी विचार करते.

आठवडाभरात जनान्याच्या मागे स्वतंत्र चूल झाली. हुसेनबीच्या मदतीला एक बाई आली. गाद्या जाळल्या, नव्या आल्या. पडदा दोन्ही बाजूंनी धुतला गेला. दरखास्तीला जे साधायला किती काळ लागला असता कोण जाणे, ते एका दुपारच्या भेटीने झाले. मी घरी आले तेव्हा रखमाबाईने मुलीला काजळाची तीट लावली आणि मला बजावले, "आता पुन्ना हतं यायचं न्हाई. आलीस तर चौसाळ्यावरनं येऊन मारीन."

मी आभार मानते, डॉक्टरांचे, हुसेनबीचे, रखमाबाईचे आणि तिच्या सुनेचे, बेगमसाहेबांचे. पण बेगमसाहेबांची तिथे नेमणूक नव्हती. पावसाळ्याच्या अखेरीस तालुकदारसाहेबांची बदली झाली. मदतीची बाई महिन्याच्या आत बंद झाली. चूल मातीची असल्यामुळे तिची बदली झाली नाही.

गोदूवन्सं

त्या थोड्याच दिवसांत बाळंतपणाला आल्या. या खेपेला दवाखान्यात जायचे की नाही यावर घरात चर्चा झाली नाही. मी सोबत गेले. कोपऱ्यातल्या खाटेवर तलवाड्याची एक बाई कालपासून कण्हत पडली होती. खिडकी उघडी होती, पाणी उकळत होते, हुसेनबीने मला पाहताच न सांगता हात पुढे करून दाखवले, धुतलेले, साबणाचा वास येत असलेले. दुपारच्या आधी मुलगा झाला. रडला. मला वाटले, संपले.

वार पडेना. आणि रक्त थांबेना.

पडद्याबाहेरून डॉक्टर विचारत होते, हुसेनबी सांगत होती. "पोट चोळ." "चोळती साब." "जोरात." "जोरात चोळती साब, खून रुकता नै." सुईत दोरा, दुसऱ्याच्या हातांनी. माझ्या वेळी त्यासाठी दिवस होते. इथे नव्हते. वन्संचे ओठ पांढरे झाले. त्यांनी माझा हात धरला होता तो सैल पडला.

डॉक्टरांना आत बोलवायला हवे होते. तालुकदारांशी बोलणारी मी, माझ्या तोंडून ते निघेना. तक्रार करायला मी शिकले होते, पण पडदा उचलायला नाही. दिंद्रुडची माणसे काय म्हणतील, सासूबाई काय म्हणतील, परक्या पुरुषाने पाहिलेली सून ते नांदवतील का, हे सगळे त्या एका क्षणात माझ्यापुढे उभे राहिले.

तेवढ्यात दाराशी फाटल्याचा आवाज झाला. व्हरांड्यातल्या सासूबाईंनी पडदा बाजूला सारला नव्हता, ओढला होता. तो वरच्या दांडीसकट खाली आला. खोलीत लख्ख उजेड पडला, आणि उंबऱ्यावर डॉक्टरसाहेब उभे होते, आयुष्यात पहिल्यांदाच मला दिसत होते. गोरे, घाबरलेले, माझ्याहून फार मोठे नसतील.

"आत या," सासूबाई म्हणाल्या.

"अम्मा, लेकिन..."

"ऐकू येत नाही का? आत या म्हणते."

ते आत आले, पण नजर पायांकडे लावून. सासूबाईंनी त्यांना दंडाला धरून खाटेपाशी आणले.

"जमिनीकडं काय बघताय? माझी लेक वर आहे."

मग त्यांनी वर पाहिले, आणि त्यानंतर त्यांना कुणी काही सांगण्याची गरज पडली नाही. त्यांनी काय केले ते मी लिहीत नाही. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता आणि ते मधून मधून वन्संना "बहन, बस, बहन" म्हणत होते. सुएर विसरून सासूबाई लेकीचे डोके मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रक्त कमी झाले. मग थांबले. वन्संनी डोळे उघडून पाणी मागितले.

मागच्या चुलीपाशी डॉक्टर हात धुवायला बसले. सासूबाई स्वतः तांब्याने त्यांच्या हातांवर पाणी घालत होत्या.

"साबण नीट लावा," त्या म्हणाल्या. "ती कोपऱ्यातली तलवाड्याची बाई कालपासून कण्हते आहे. तिलाही बघायचंय."